फॉरमॅटच्या आधी

सकाळी ८.१५

चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत फोन सुरू होतात. आज जूनची २० तारीख. दर महिन्याला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरणाऱ्यांचा शेवटचा दिवस. शिवाय कॉलेजांचे प्रवेश चालू, म्हणजे दाखल्यांसाठी सेतू केंद्रांपुढे रांगा. सांगलीत ज्या दिवशी प्रत्येकाला आपला कॉम्प्युटर हटकून लागतो, त्या दिवसांपैकी हा एक, आणि तक्रारीही त्याच दिवशी येतात.

पहिला फोन एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. "अहो, बटण दाबून मी पूजा उरकून येतो, तरी ते गोल गोल फिरतंच असतं. फॉरमॅट मारावा लागेल काय?"

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोपं उत्तर, आणि आता ग्राहकांनाही ते तोंडपाठ झालंय. विंडोज पुसून नव्यानं टाकलं की काही दिवस मशीन बरं पळतं. आमचे पैसे सुटतात. मूळ दुखणं मात्र जागेवर राहतं, आणि त्या गडबडीत कुणाचे नातवंडांचे फोटो, कुणाचा वर्षाचा हिशेब कायमचा जातो. मला हे मान्य नाही. उशीर नेमका कुठे होतोय ते आधी घड्याळ लावून बघायचं, आणि मशीनला हात लावायच्या आधी माणसाच्या फायली सुखरूप दुसरीकडे उतरवायच्या. हा क्रम मी मोडत नाही.

"सर, फॉरमॅटचं नंतर बघू. एक काम करा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. बटण दाबल्यापासून कंपनीचं नाव दिसेपर्यंत किती वेळ जातो ते लिहा. तिथून पासवर्डचा चौकोन येईपर्यंत किती, आणि पासवर्ड टाकल्यापासून मशीन खरोखर हाताशी येईपर्यंत किती, तेही लिहा. तीन आकडे. संध्याकाळी मला सांगा."

सरांना हे लगेच पटलं. जन्मभर मुलांना रीत दाखवायला लावणारे ते.

या तीन आकड्यांत निम्मं निदान असतं. पहिल्या टप्प्यात विंडोजचा काहीही संबंध नसतो. मदरबोर्ड स्वतःलाच तपासत असतो: रॅम आहे का, कीबोर्ड जोडलाय का, डिस्क कुठे आहे. दुसऱ्या टप्प्यात विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि पडद्याआडच्या सेवा डिस्कवरून वर येतात. तिसऱ्यात, म्हणजे पासवर्डनंतर, आपण वेळोवेळी टाकलेले प्रोग्रॅम उठतात. पहिल्या टप्प्यातला उशीर फॉरमॅट मारून जाईल कसा? तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं.

सकाळी ९.१५

मार्केट यार्डात सौदे सुरू व्हायच्या आत पोचावं लागतं. एकदा हळदीची पोती उघडली की दिवाणजींना मान वर करायला सवड नसते.

अडत दुकानातली तक्रार जुनी आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर तीन-चार मिनिटं घेतो, एखाद्या दिवशी तर तसाच काळा पडदा घेऊन उभा राहतो. आधीच्या कुणी दोनदा विंडोज नवीन टाकून दिलं होतं. दुसऱ्या वेळी मागच्या हंगामातल्या पट्ट्यांचा फोल्डर गेला. शेतकऱ्याच्या मालाचं वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं त्यात. दिवाणजींनी नंतर वहीवरून पुन्हा उतरवून काढलं.

मी बटण दाबलं आणि नुसता बघत राहिलो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या: सीमॉस चेकसम चुकला आहे, पुढे जायला एफ१ दाबा.

"हे रोज येतं का, दिवाणजी?"

"येतंय की. पोरगं दाबतंय काहीतरी आन् जातंय."

एफ१ दाबल्यावर मशीन आणखी एका ठिकाणी अडलं. नेटवर्कच्या तारेवरून विंडोज मिळतंय का, हे ते शोधत होतं. एकदा एका पद्धतीनं, मग दुसऱ्या. मोठ्या कार्यालयांत एका सर्व्हरवरून शेकडो मशीन सुरू करायची ही सोय. अडत दुकानात त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला फक्त वायफायचा डबा. दोन्हीकडून नकार आल्यावर मगच ते शेजारच्या हार्ड डिस्ककडे वळलं. घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद.

विंडोज उघडल्यावर कोपऱ्यात तारीख बघितली. १ जानेवारी २०१५. मग बँकेची साइट उघडत नाही ही दिवाणजींची दुसरी तक्रारही इथेच सुटली. साइटच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनला २०१५ साल वाटत असेल, तर त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. ब्राउझर अडवतो तो बरोबरच अडवतो.

पॅनेल उघडलं. हळदीची पिवळी भुकटी पंख्याच्या पात्यांवर बसलेली. ब्लोअर मारून आधी ती काढली, आणि मदरबोर्डवरचा गोल सेल नखानं उचकला. सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा. नवा असताना तीन व्होल्ट देतो; मीटरवर याचे २.१ आले. बोर्डाचं घड्याळ आणि त्याच्या सेटिंग्ज या सेलच्या जिवावर टिकतात. सेल बसला की बोर्ड सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. या बोर्डात कारखान्याचा क्रम होता: आधी नेटवर्क, मग डिस्क.

पण सेल एवढ्या लवकर बसला का? कारण भिंतीवर होतं. रात्री दुकान बंद करताना शेठ मेन स्विच पाडतात. कॉम्प्युटर बंद असला तरी वायर जोडलेली आणि वीज चालू असेल, तर एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज पुरवत राहतो, घड्याळ त्यावर चालतं आणि सेलला आराम मिळतो. इथे रोज रात्रभर सगळा भार सेलवर. मेन पाडू नका असं मी अजिबात सांगितलं नाही. आत बारदानाच्या थप्प्या आहेत. शेठ करतात तेच शहाणपणाचं. फक्त दर दोन-तीन वर्षांनी, बंद पडायची वाट न बघता, सेल बदलायचा. दिवाणजींनी पंचांगाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

नवा सेल, तारीख-वेळ, डिस्क पहिल्या क्रमांकावर, नेटवर्कवरून सुरू होणं बंद. एफ१० दाबून जतन केलं. पुन्हा घड्याळ लावलं: ४८ सेकंद. शेठ म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच होतं. पण त्यापायी दोनदा अख्खं विंडोज गेलं, आणि एकदा पट्ट्या गेल्या.

सकाळी ११

दुकानात आलो तेव्हा माझ्याकडचा मुलगा एका डेस्कटॉपची रॅम काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं घासत होता. पावसाळी हवेत त्यांवर पुट चढतं, मग मशीन दोन-तीनदा बीप देऊन मगच सुरू होतं. खोडरबर, मऊ ब्रश, पुन्हा घट्ट बसवायची. क्लिप दोन्ही बाजूंनी 'टक' वाजली पाहिजे. तो हे आता माझ्यापेक्षा नीट करतो.

बाकावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी लॅपटॉप घेऊन बसलेली. आत एसएसडी आहे, तरी पासवर्डनंतर तीन मिनिटं काही हलत नाही. तिनं व्हिडिओ बघून बरेच उपाय केले होते. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या चार केली होती, आणि प्रीफेच फोल्डर दर रविवारी रिकामा करत होती.

हे दोन्ही उपाय इतके पसरलेत की रोज कुणीतरी सांगतं. एमएसकॉन्फिगमधली ती खूण वेग वाढवण्यासाठी नाहीच. विंडोज आपणहून प्रोसेसरचे सगळे गाभे वापरतं. ती चौकट मुद्दाम कमी गाभ्यांवर चालवून चाचणी घेणाऱ्यांसाठी आहे. प्रीफेचचं तर उलटं. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना कुठल्या फायली लागतात, याची टिपणं विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोज त्या फोल्डरात ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच आणून ठेवता येतात. ती टिपणं दर रविवारी फेकून दिली की सोमवारी मशीन पुन्हा पहिल्यापासून शिकणार.

"तू लॅपटॉप रोज बंद करतेस?"

"हो दादा, रोज. शट डाऊन करूनच झोपते."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारली आणि खालचा 'अप टाइम' तिला दाखवला. एकोणीस दिवस, सात तास. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पडद्याकडे.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे. आपले उघडे प्रोग्रॅम मिटतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे एका फायलीत लिहून ठेवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच वाचले जातात. फास्ट स्टार्टअप म्हणतात ते हेच. सुरुवात लवकर व्हावी म्हणून केलेली सोय आहे आणि बहुतेक वेळा ती उपयोगी पडते. पण एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर ती अवस्थाही दिवसेंदिवस तशीच जपली जाते. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं खरोखर मोडून नव्यानं उभं राहतं. म्हणून कुठल्याही तक्रारीत मी आधी रीस्टार्ट करायला सांगतो. लोकांना वाटतं दादा टाळतोय. तसं नाही. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं ही विंडोजमध्ये दोन वेगळी कामं आहेत.

रीस्टार्टनं अर्धा मिनिट वाचला. उरलेलं स्टार्टअपच्या यादीत सापडलं. मीटिंगचे दोन प्रोग्रॅम, गेमचं दुकान, मोबाईल जोडायचा प्रोग्रॅम, लॅपटॉपसोबत आलेली चार खेळणी, प्रिंटरचा शाई मोजणारा. एसटी लागल्यावर सगळे एकदम दाराशी घुसावेत आणि कुणालाच चढता येऊ नये, तशी गत. त्यात रॅम चारच जीबी. ती भरली की विंडोज डिस्कवर उसनी जागा घेऊन काम ढकलतं. यादीत प्रत्येकासमोर त्याचा भार लिहिलेला असतो: हाय, मीडियम, लो. 'हाय'पासून सुरुवात केली. बंद करणं म्हणजे काढून टाकणं नाही, हे तिला दोनदा सांगितलं. हवा तेव्हा प्रोग्रॅम उघडतोच, फक्त न बोलावता येत नाही.

आणि अँटिव्हायरस दोन. एक लॅपटॉपसोबत मुदतीचा आलेला, दुसरा वडिलांनी विकत घेतलेला. उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासणार, शिवाय एकमेकांच्या हालचालीही. दोन्ही आपापल्या जागी चांगले असतील. एका मशीनवर एकच. मुदत संपलेला काढला. अँटिव्हायरसबद्दल मला आकस नाही, उलट आपुलकी आहे. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत आणि नव्वदच्या दशकात धाकट्या भावानं, संजय यांनी, व्हायरस काढायचा प्रोग्रॅम लिहिला; क्विक हीलची सुरुवात अशी दुरुस्तीच्या बाकड्यावरची आहे. हे मी या मुलीला मुद्दाम सांगितलं. ती कॉम्प्युटर शाखेची आहे.

शेवटचं घड्याळ: पासवर्डनंतर २६ सेकंद. आणखी चार जीबी रॅम टाकली तर बरं पडेल, घाई नाही, पुढच्या महिन्यात ये.

दुपारी १२.४५

आजचं सगळ्यात कठीण काम कर सल्लागारांच्या ऑफिसात होतं. जिना चढतानाच ते वरून म्हणाले, "फॉरमॅट मारा, विंडोज टाका, दोन तासांत द्या. आज वीस आहे."

मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं चाळीस सेकंद. सुरू झाल्यावरही फोल्डर उघडला की पांढरा पडदा. मी कान कॅबिनेटला लावला. हार्ड डिस्कची नेहमीची सलग घरघर मध्येच थांबत होती. टक्... टक्... मग शांत, मग पुन्हा घरघर. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के व्यस्त, आणि प्रत्यक्षात सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा वाचला जात नव्हता. नुसतं काम जास्त असतं तर वेगही जास्त दिसला असता. शंभर टक्के व्यस्त आणि हाती काही नाही, याचा अर्थ डिस्क एकाच जागी झगडतेय.

पेन ड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो चालवला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते, ती हा प्रोग्रॅम वाचून दाखवतो. निळा म्हणजे ठीक, इथे पिवळा. ०५ क्रमांकापुढे आकडा होता, म्हणजे काही खराब जागा बदलून डिस्कनं राखीव जागा वापरल्यात. मला जास्त भीती सी५ ची. त्यापुढचा आकडा म्हणजे अशा जागा, ज्या वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय. अशी जागा आली की डिस्क तीच ती पुन्हा वाचून बघते, एकेका जागेवर कित्येक सेकंद. मशीन 'स्लो' झालं ते त्यामुळे. वाचायचा प्रयत्न सोडत नाही, म्हणून ते उशीर करतं.

अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं हा मी या धंद्यातला सगळ्यात मोठा अपराध मानतो. जुनं पुसलं जातं, नवं खराब पृष्ठभागावर लिहिलं जातं, आणि त्या खटाटोपात डिस्क कायमची मिटली तर अशिलांची कागदपत्रं कुठल्याही उपायानं परत येत नाहीत. चेकडिस्क दुरुस्तीसकट चालवणंही इथे चूक. तो फायलींची मांडणी सरळ करायला जातो, आणि वाचता न येणारं सोडून देतो.

"साहेब, डिस्क जायला लागलीय. हे मशीन आता बंद करावं लागेल."

"आणि रिटर्न?"

रिटर्न चुकलं तर रोजचे पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. तेही पंचवीस-तीस व्यापाऱ्यांचं. त्यांची घालमेल खरी होती. मी विचारलं, आजच्या रिटर्नसाठी नेमकं काय लागतं? टॅलीचा डेटा आणि मे महिन्याच्या वर्किंगचा फोल्डर. दोन्ही मिळून दोन जीबीही नाहीत. तेवढंच आधी पेन ड्राइव्हवर घेतलं. वीस मिनिटं लागली, दोनदा अडकलं, पण आलं. ते ज्युनियर मॅडमच्या लॅपटॉपवर टाकलं, तिथे टॅली होतीच. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर टाकून दिला. पोर्टल इंटरनेटवर आहे, त्याला कुठल्या मशीनवरून भरलं याच्याशी देणंघेणं नाही. मॅडमनी पहिलं रिटर्न उघडलं आणि मी डिस्क काढून रुमालात गुंडाळून निघालो.

दुपारी २

डबा उघडायच्या आधी डिस्क बाकड्यावर लावली. अख्ख्या डिस्कची प्रत काढायची, पण विंडोजला मध्ये न आणता. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू. याची रीत मला फार आवडते: पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घ्यायचं, अडेल ती जागा सोडून पुढे जायचं, आणि मगच सोडलेल्या जागांकडे थोडं थोडं करत परतायचं. जायला लागलेल्या डिस्कचं उरलेलं आयुष्य आधी चांगल्या भागावर खर्च होतं. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद तो वेगळ्या फायलीत ठेवतो. जेवताना लाइट गेली, यूपीएस पाच मिनिटं टिकला आणि सगळं बंद पडलं. लाइट आल्यावर थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं.

प्रतीसाठी ५१२ जीबीचा एसएसडी घेतला. ४८० चा थोडा स्वस्त पडतो, पण ५०० जीबीच्या डिस्कची अख्खी प्रत त्यात बसत नाही.

दुपारी ३.३०

छापखाना. इथल्या ताई डीटीपी करतात. हात इतका सराईत की बोलता बोलता पान जुळवतात. शाळेच्या डायऱ्यांचं काम अंगावर आलेलं, आणि सकाळी मशीन हाताशी यायला पाच मिनिटं, त्यापुढे कोरलड्रॉ उघडायला आणखी दोन.

विंडोज स्वतःच सुरू होण्याच्या वेळेची नोंद ठेवतं, फार थोड्यांना ती माहीत असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स या कप्प्यात १०० क्रमांकाची नोंद शोधायची. मिलिसेकंदांत लिहिलेलं असतं: एकूण किती, त्यातला डेस्कटॉप दिसेपर्यंतचा किती, आणि त्यानंतर मशीन निवांत होईपर्यंतचा किती. इथे पहिला भाग ४४ सेकंदांचा, म्हणजे ठीक. बाकी सगळा उशीर नंतरचा. त्याच्याच आसपास १०१, १०२, १०३ क्रमांकांच्या नोंदी असतात. कुठला प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा सेवा रेंगाळली ते त्या नावानिशी सांगतात. त्यात फाँट सांभाळणारी सेवा पुन्हा पुन्हा येत होती.

फाँटचा फोल्डर उघडला. चार हजारांच्या वर.

मराठी छापखान्याचं हे दुखणं बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. युनिकोड रुळण्याआधी पुण्यातल्या सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आणखी कितीतरी कंपन्या, प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. त्या काळातली फाइल तिच्या मूळ फाँटशिवाय उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. गिऱ्हाईक मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या पत्रिकेचा कागद पुढे करून म्हणतं, "तश्शीच पाहिजे." म्हणून ताई एकही फाँट टाकत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. आधी येऊन गेलेल्या एकानं 'फालतू फाँट उडवतो' म्हणत हात घातला होता, तेव्हा ताईंनी त्याला उठवलं होतं.

मी म्हटलं, "उडवायचे नाहीत. दुसऱ्या खोलीत हलवायचे."

तासभर बसून आम्ही दोघांनी याद्या केल्या. रोज लागणारे साठ-सत्तर निघाले. विंडोजचे स्वतःचे बाजूला काढले, त्यांना हात लावायचा नाही. उरलेले डी ड्राइव्हवर कंपनीवार फोल्डर करून ठेवले, आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. काम आलं की तेवढा फाँट राइट क्लिक करून इन्स्टॉल, काम झालं की परत काढायचा. कुठला कुठे आहे हे आठवायला नको म्हणून ताईंनी लगेच नमुन्यांचा तक्ता जुळवायला घेतला. प्रत्येक फाँटमध्ये एकच ओळ, खाली फोल्डरचं नाव. ही कल्पना त्यांची, आणि ती मी पुढे इतर छापखान्यांनाही सांगणार आहे. एकूण वेळ सव्वा मिनिटावर आला. डिस्क जुनी फिरती आहे, ती बदलेपर्यंत एवढंच.

संध्याकाळी ५.४५

प्रत जवळजवळ पूर्ण. पहिली फेरी संपून आता सोडलेल्या जागांचे बारीक तुकडे चालले होते. दुकानात दोघे-तिघे उभे होते आणि नेहमीचा प्रश्न आला: एसएसडी टाकल्यावर एवढा फरक पडतोच कसा, प्रोसेसर तर तोच?

उघडून ठेवलेली एक मेलेली हार्ड डिस्क मी यासाठीच ठेवलीय. आरशासारखी तबकडी आणि तिच्यावर वाचणारा बारीक दांडा दाखवला. डेस्कटॉपमधली ही तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. दांडा स्वतः योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली मागतं. प्रोसेसर कितीही तरबेज असो, तो दांड्याची वाट बघत बसतो.

१९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा २४ इंची पन्नास तबकड्यांवर पन्नास लाख अक्षरं मावायची आणि त्या मिनिटाला १२०० वेळा फिरायच्या. तेव्हापासून साठवण लाखो पटींनी वाढली. फिरण्याचा वेग घरच्या मशीनमध्ये सहापटच. एसएसडीत तबकडीच नाही, दांडाही नाही, त्यामुळे ही वाट बघणंच नाहीसं होतं. म्हणून फिरती डिस्क असलेल्या मशीनला रॅम किंवा नवा प्रोसेसर सुचवायच्या आधी मी एसएसडी सुचवतो.

एकानं विचारलं, "मग नवीन घेऊ का हेच ठेवू? विंडोज १० बंद झालं म्हणतात." १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला, घरगुती मशीनना नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यांचा चौथ्या पिढीचा. बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर पुढचा विचार आत्ताच करा, असं स्पष्ट सांगितलं. मुलांच्या अभ्यासाला आणि पत्रं लिहायला वापरणार असाल तर एसएसडी घालून लिनक्स मिंट टाकून देतो, आणखी काही वर्षं सुखानं चालेल. पण मशीन हळू झालं एवढ्यासाठी कुणी नवीन घेऊ नये.

मुख्याध्यापकांचे आकडेही आले होते, सुवाच्य अक्षरात लिहून फोटो काढलेले. ९ सेकंद, ३ मिनिटं ५, ४० सेकंद. उशीर मधल्या टप्प्यात. ड्रायव्हर किंवा डिस्क. "सर, उद्या सकाळी येतो. तोवर फोटोंचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा."

रात्री ८

एसएसडी बसवला, आणि आता, प्रतीवर, चेकडिस्क चालवला. सुरू होऊन पासवर्डपर्यंत १४ सेकंद, पुढे हाताशी यायला नऊ. विंडोज तेच, टॅली तीच, डेस्कटॉपवरचे चिन्हांचे ढीगही जागच्या जागी. काहीही नव्यानं टाकावं लागलं नाही.

ऑफिसात दिवे चालू होते. ज्युनियर मॅडमची शेवटची तीन रिटर्नं राहिली होती. साहेबांनी मशीन सुरू करून बघितलं, दोन-चार फोल्डर उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

मी त्यांना काय आलं नाही तेही सांगितलं. सगळ्या डिस्कमधला ४८ केबी एवढा भाग शेवटपर्यंत वाचता आला नाही. तो कुठल्या फायलींत पडलाय ते शोधून यादी छापून आणली होती: दोन विंडोजच्या अपडेटच्या उरलेल्या फायली, त्यांचं काही नाही; आणि एका अशिलाच्या २०१९ च्या भाडेकराराचा स्कॅन, तो उघडत नाही. जुनी डिस्क पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर तारीख लिहून दिली. महिनाभर तशीच ठेवा, कुठेही जोडू नका. आणि उद्यापासून टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर, मॅडमनी करायचा, केल्याची सही वहीत.

साहेबांनी यादी वाचली, त्या अशिलाला तिथूनच फोन लावला आणि करारनाम्याची मूळ प्रत घेऊन या म्हणून सांगितलं.